कोट आत, सोंग वर

टॅमरॅक गावात हॅलोविनला बर्फ नव्हता असं वर्ष कुणाला आठवत नाही. एकतीस ऑक्टोबरच्या संध्याकाळी पोरं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत हिंडणार, आणि नेमका तेव्हाच लोखंडाच्या खाणीकडून असा वारा सुटणार की आपले कान जागेवर आहेत की नाहीत ते चाचपून बघावं. पूर्वी आया सोंगावरून कोट चढवायच्या. पोराने महिनाभर घरात तलवार फिरवत समुद्री चाचा व्हायचं, आणि शेजाऱ्याच्या दारात मात्र निळ्या कोटातलं कुणीतरी म्हणून उभं राहायचं. दार उघडणारी बाई विचारायची, "तू कोण रे बाबा?" मग ते बिचारं हातमोजे काढून, बटणं सोडून आतली पुठ्ठ्याची तलवार दाखवायचं. सगळी मजा त्या बटणांत जायची.

हा प्रकार बंद केला व्हर्ना लाहतीने. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पोरांच्या ताटात कुस्करलेले बटाटे वाढण्यात तिची तीस वर्षं गेली, आणि तितकीच वर्षं घरच्या पायमशीनवर त्याच पोरांची सोंगं शिवण्यात. तिचा नियम एकच होता. कोट आत, सोंग वर. ऑक्टोबर लागला की ती स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवायची: 'माप द्यायला स्नोसूट घालून या. बूटसुद्धा.' स्नोसूट म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंतचा, आत कापूस भरलेला एकसंध अंगरखा. इकडच्या पोरांचा अर्धा जन्म त्यात जातो. तो घालून पोरं व्हर्नाच्या शेगडीजवळच्या स्टुलावर उभी राहायची, घामाने निथळायची, आणि ती तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती फिरायची.

"अस्वल हो, घुबड हो, भोपळा हो. परी होऊ नकोस."

"पण मुम्मू, मला परीच व्हायचंय!"

"मग खात्यापित्या घरची परी व्हावं लागेल. स्नोसूटवरून घालायचंय."

गावातल्या फिनिश घरांत आजीला मुम्मू म्हणतात. व्हर्नाला मूल झालं नाही, पण स्लोव्हेनी, इटालियन, स्वीडिश, सगळ्या घरांतली पोरं तिला मुम्मूच म्हणायची. तिच्या हातची परी गोलमटोल असायची पण गारठायची नाही. मुखवट्यांना तिच्याकडे बंदी होती. आत श्वासाचा बर्फ होतो आणि ओठ चिकटतात. खोक्याचे यंत्रमानवही नकोत, ते दारातून आत शिरत नाहीत. आणि प्रत्येक सोंगाला लघवीसाठी उघडायची सोय हवीच. एवढं डोकं तर गावातल्या कुठल्या इंजिनियरने चालवलं नसेल.

तर १९८३ सालची गोष्ट. उन्हाळ्यात खाण थंडावली होती आणि बाप्ये लोक भर दुपारी घराच्या पायऱ्यांवर बसलेले दिसू लागले होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मार्नी झुपान नावाची तिसरीतली मुलगी माप द्यायला आली. अंगात निळा स्नोसूट, जवळपास नवा.

"काय व्हायचंय तुला?"

"घुबड."

"घुबडच का गं?"

"त्याला थंडी वाजत नाही," मार्नी म्हणाली.

व्हर्ना हसली. तिने माप घेतलं, तपकिरी सुती कापडाचं सोंग बेतलं आणि दोन आठवड्यांनी पोरीला घालून बघायला बोलावलं. त्या दिवशी बाहेर डबक्यांवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. मार्नी आली ती विजारीवर एक विटलेलं पातळ जाकीट घालून. ओठ निळे पडलेले.

"स्नोसूट कुठाय?"

"धुवायला टाकलाय."

"बरं," व्हर्ना म्हणाली आणि सोंग तिच्या डोक्यातून घातलं. खांदे कोपरांवर उतरले, शेपटी जमिनीवर लोळली. आत भरायला काहीच नव्हतं. मार्नी भिंतीकडे बघत राहिली. व्हर्नाने काही विचारलं नाही. विचारण्यासारखं राहिलंच नव्हतं. कोलीनने, म्हणजे मार्नीच्या आईने, मापापुरता स्नोसूट कुठल्या तरी नातेवाइकाकडून मागून आणला होता. सोंग नीट बसावं म्हणून नव्हे, गावाला कळू नये म्हणून. आणि तो आता परत गेला होता.

चर्चच्या तळघरात जुन्या कोटांची दांडी होती. कुणीही जावं, घ्यावा. पण टॅमरॅकमध्ये माणसं एकमेकांना लांबून कोटांवरून ओळखतात. तिथला कोट घेतला की आधीची मालकीणही त्याच्याबरोबर येते. हे व्हर्नाला कुणी सांगायला नको होतं. ती नऊ वर्षांची असताना तिला त्याच तळघरातून हिरवा कोट मिळाला होता, काळ्या मखमली कॉलरचा. कॉलरखाली शाईने लिहिलेलं नाव तिच्या आईने वर ठिगळ लावून झाकलं होतं. शाळेत युनिस नावाच्या मुलीने नखाने ते ठिगळ उचकटलं आणि सगळ्या वर्गाला आपलं नाव वाचून दाखवलं. त्यानंतर व्हर्ना तो कोट हातावर टाकून शाळेत जायची, वाऱ्यात दात वाजत असले तरी. हे तिने आयुष्यात फक्त नवऱ्याला सांगितलं होतं, आणि रेनो आता या जगात नव्हता.

रेनोचा जाड लोकरी कोट मात्र मागच्या दाराआड सहा वर्षं तसाच टांगलेला होता. व्हर्ना कुणाला त्याला हात लावू द्यायची नाही. त्या दिवशी मार्नी गेल्यावर तिने तो खाली घेतला, टेबलावर पसरला, आणि कात्री हातात घेऊन बराच वेळ नुसती बसली. मग कापला. कापड उलटं करून घेतलं, कुणी ओळखू नये म्हणून. आपल्या पलंगावरची पिसांची दुलई फोडून अस्तरात भरली. बाह्यांना आतून विणलेली मनगटं लावली, दोन खिसे केले, कानांवर येईल अशी टोपी जोडली. हा सोंगाच्या नावाखाली शिवलेला धडधडीत कोट होता. वरून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडातून कापलेली तांबूस-तपकिरी पिसं लावली, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. प्रत्येक पिसाला दुहेरी टाका आणि वर गाठ, बर्फात कितीही झटापट झाली तरी एकही गळता कामा नये. आठवडाभर तिने दुसऱ्या कुणाच्या कामाला हात लावला नाही. आपण फार हुशारी केली असं तिला वाटत होतं. दान दिल्यासारखं दिसणार नाही, चर्चच्या दांडीचं नाव नाही, आणि पोर उबेत राहील.

"हे जरा जड झालंय," तिने मार्नीला सांगितलं. "आत स्नोसूट नाही घातलास तरी चालेल."

"नाही घातला तरी?"

"घातलास तर उकडेल."

मार्नीने तिच्याकडे सगळं कळल्यासारखं पाहिलं. आठ वर्षांच्या पोरीने असं पाहू नये. मग ती टोपीत तोंड लपवून खुदकन हसली.

हॅलोविनला सपाटून बर्फ पडला. सहाच्या सुमाराला व्हर्नाच्या दारावर थाप पडली. पायरीवर घुबड उभं होतं, गाल लालबुंद, पंखांवर बर्फ.

"कोण गं तू?" व्हर्नाने विचारलं, कारण विचारायचंच असतं.

"हूऽऽ!" घुबडाने पंख पसरले. व्हर्नाने तिच्या पिशवीत दोन मुठी गोळ्या टाकल्या आणि दार लावून भिंतीला टेकून उभी राहिली. रेनो गेल्यापासून ती इतकी खूश झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. लाल, निळे, पिवळे कोट बर्फात लोळत होते. त्यांच्यात एक घुबड होतं.

त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही, सगळ्यांच्या तोंडात कालच्या गोळ्या होत्या. चार दिवसांनी कुणीतरी ओरडलं, "ए, हॅलोविन संपलं!" पुढच्या आठवड्यात पोरं मार्नी दिसली की काखेत हात घालून पंख फडफडवू लागली. तिचं नाव 'हू' पडलं. शिक्षिकेने हजेरी घेताना 'मार्नी झुपान' म्हटलं की मागच्या बाकावरून हूऽऽ यायचं.

"अगं व्हर्ना," बरोबर काम करणारी डोलोरेस कढई घासता घासता म्हणाली, "तुझं घुबड अजून झाडावरून उतरलेलं दिसत नाही."

"ऊब लागत असेल तिला."

"ऊब लागते म्हणून कुणी घुबड होऊन गणितं करतं होय? दुसरं काही नाही त्या पोरीकडे. सगळ्या शाळेला कळलंय. तुला कळलं नाही?"

व्हर्नाच्या हातातला डाव तसाच राहिला. तीस वर्षं जी बाई कोट आत, सोंग वर असं बजावत आली, तिने असं एक सोंग शिवलं होतं ज्याच्या आत कोट नव्हताच. बाकीच्या पोरांनी एक नोव्हेंबरला सोंग काढून खुंटीला टांगलं. मार्नीने काढलं असतं तर ती उघडी पडली असती, आणि घालते आहे तर आणखीच उघडी पडते आहे. आपण युनिसपेक्षा वेगळं काय केलं, हा विचार व्हर्नाच्या मनात आला.

तरी ती तीन आठवडे गप्प बसली. हे तिच्या बाजूने सांगण्यासारखं नाही, पण झालं ते असं झालं. कोलीनकडे जाऊन पिसं काढून देते म्हणावं, तर तुझ्या घरात काय नाही ते मला ठाऊक आहे असं तोंडावर सांगण्यासारखं. आणि खरं सांगायचं तर इतकं सुबक काम उसवायला तिचं मन होत नव्हतं. रोज ती मार्नीच्या ताटात एक चमचा जास्त बटाटे वाढायची आणि नजर चुकवायची.

मग पिसं कमी होऊ लागली. आधी खिशाजवळची, मग बाह्यांवरची. व्हर्नाचं डोकं फिरलं. पोरं उपटतात! तिने जेवणाच्या रांगेत बिली नावाच्या दांडगट पोराचा दंड धरला.

"लाज नाही वाटत? एका मुलीच्या अंगावरची पिसं ओरबाडतोस?"

"मी नाही, मुम्मू! आईशप्पथ नाही!"

"पुन्हा हात लावलास तर माझ्याकडून बटाट्याचा कणही मिळणार नाही!"

पोरगं रडायला लागलं. चिडवण्यात तो सगळ्यांच्या पुढे होता, पण पिसांच्या बाबतीत खरं बोलत होता.

ते तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. ती दुधाचे रिकामे क्रेट ठेवायला मागच्या बोळात गेली, तर कोटांच्या खुंट्यांखाली मार्नी बसलेली. मांडीवर घुबड, हातात शाळेतली बोथट कात्री. एका पिसाच्या मुळाशी कात्रीचं टोक खुपसून ती ओढत होती. कापडाला भोकं पडली होती आणि त्यांतून दुलईची मऊ पांढरी पिसं बाहेर यायला लागली होती. म्हणजे वरची पिसं काढता काढता आतली ऊबही निघून चालली होती.

व्हर्ना क्रेट खाली ठेवून शेजारी बसली. तिचे गुडघे कुरकुरले.

"तुमचा टाका फार घट्ट आहे, मुम्मू," मार्नी वर न बघता म्हणाली. "मी रोज पाच काढते. मग हा साधा कोट होईल. नाताळपर्यंत होईल."

"आईला माहीत आहे?"

"आईला मी सांगितलं की पडतात आपोआप." तिने दप्तरातून डब्याची कागदी पिशवी काढली. आत काढलेली सगळी पिसं नीट ठेवलेली होती. "मी फेकली नाहीत. लोकांनी दिलेलं फेकायचं नाही, आई म्हणते."

व्हर्नाला रडू आलं. पोरीसमोर रडायची तिची छाती झाली नाही, म्हणून ती क्रेट उचलून आत गेली आणि तिथे रडली.

शनिवारी सकाळी कात्री आणि दोऱ्याचा डबा घेऊन ती झुपानांच्या घरी गेली. मार्नीचा बाप डॅरिल हरणाच्या शिकारीला गेला होता. त्या वर्षी गावात कुणी हौसेने शिकारीला जात नव्हतं. कोलीनने दार उघडलं. तिशीची बाई, केस बांधलेले, चेहरा ओढलेला.

"बसा. कॉफी घ्याल?"

इकडे कॉफीला नाही म्हणत नाहीत. व्हर्ना बसली आणि कप पुढ्यात येताच म्हणाली, "त्या कोटाची पिसं काढायला आलेय. चुकलं माझं."

"चुकलंच." कोलीन ओट्याला टेकून उभीच राहिली. "मला विचारलं का नाहीत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो, नाहीच म्हटलं असतं. मग दुसऱ्यांदा विचारायचं होतंत." तिचा आवाज चढला. "नणंदेकडून तो स्नोसूट मागून आणताना मला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ठाऊक आहे? का आणला? तर तुमच्या त्या स्टुलावर माझी पोर तशीच उभी राहू नये म्हणून. तुम्हाला कळलं ते कळलं. पण सगळ्या गावाला पिसं लावून दाखवायची काय गरज होती, मुम्मू? नुसता कोट नव्हता शिवता येत?"

व्हर्नाच्या तोंडावर हिरव्या कोटाची गोष्ट आली होती. ती तिने गिळली. आत्ता ती सांगितली असती तर ती सबब झाली असती.

"आला असता," ती म्हणाली.

कोलीनने डोळे पुसले आणि खोलीच्या दाराकडे वळून हाक मारली, "मार्नी, तो कोट आण."

तिघी टेबलाशी बसल्या. व्हर्नाने टाके तोडायचे, कोलीनने दोरे ओढायचे, मार्नीने पिसं पिशवीत भरायची. व्हर्नाने पडलेली भोकं रफू केली आणि अस्तर पुन्हा शिवून घेतलं. दुपारपर्यंत शेवटचं पीस निघालं, आणि मग सगळ्यांनाच दिसलं. महिनाभर बर्फात भिजून नमद्याचा तांबूस रंग लोकरीत उतरला होता. प्रत्येक पिसाच्या जागी त्याचा डाग होता, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, ओळीने.

कोलीनने साबण लावून घासून पाहिलं. डाग पसरले, गेले नाहीत. तिने कोट खुर्चीवर टाकला आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

"नक्षी आहे म्हणून सांगेन," मार्नी म्हणाली. आईचा चेहरा बघून तिने तो ओलाच अंगात घातला. "उबदार आहे, आई. खरंच."

तो हिवाळा एप्रिलपर्यंत लांबला. व्हर्ना रोज खिडकीतून ते डाग बघायची. चिडवणं ओसरलं, पण 'हू' हे नाव वर्ष संपेपर्यंत टिकलं. चर्चमध्ये कोलीन तिला मान हलवून ओळख दाखवायची, त्याहून जास्त नाही, आणि व्हर्नाला तेही पुष्कळ वाटायचं.

पुढच्या ऑक्टोबरात तिने दारावर कागद लावला नाही. डोलोरेसने लावला, तिला न विचारता. "तू नाही शिवलीस तर पोरं पुन्हा बटणं सोडत बसतील," ती म्हणाली. पोरं आली, स्टुलावर उभी राहिली, घामेजली. व्हर्नाने मापं घेतली. हात चालत होते, जीव लागत नव्हता.

मापांच्या शेवटच्या दिवशी मार्नी आली. अंगात लाल कोट, करकरीत, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. डॅरिलला उन्हाळ्यात खाणीवर परत घेतलं होतं. ती सवयीने स्टुलावर चढली.

"काय व्हायचंय या वर्षी?" व्हर्नाने विचारलं.

"काहीही चालेल. पण कोट दिसला पाहिजे."

"कोट दिसला तर सोंग ते कस…" व्हर्नाने जीभ चावली.

मार्नीने वाकून कॉलर उलटी केली. आत काळ्या, न पुसणाऱ्या शाईने मोठी अक्षरं होती: मार्नी झुपान.

"आईने लिहिलंय," ती म्हणाली. "बघा."

व्हर्नाने चष्मा पुसला आणि बघितलं. नावावरून एकदा अंगठा फिरवला. मग तिने हळूच कॉलर सरळ केली.

"मग नुसती टोपी शिवू," ती म्हणाली. "कान असलेली."

"कशाचे कान?"

"तू सांगशील त्याचे."

मार्नी विचार करत उभी राहिली. व्हर्नाने टेप उचलला आणि फक्त डोक्याचं माप घेतलं.